सेंद्रिय संयुगांच्या मोजमापासाठी कार्बन इलेक्ट्रोड कसा सुधारायचा

कार्बन इलेक्ट्रोड सुधारायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) बाटलीकडे जातो. तो जरा आवरावा. पॅरासिटामॉल असो, डोपामिन असो की फिनॉल, पीक (पोटेन्शियल बदलत नेलं की करंटच्या आलेखात उमटणारं टोक) बुटका आणि पसरट येण्यामागचं कारण बरेचदा अगदी साधं निघतं: अर्धवट पॉलिश, मळलेला पॅड, नाहीतर संदर्भ इलेक्ट्रोडच्या टोकाशी अडकलेला बुडबुडा. अशा इलेक्ट्रोडवर कुठलाही लेप दिला तरी आकडा सुधारल्यासारखा दिसतो, कारण तुलनाच मुळात आजारी पृष्ठभागाशी होत असते. म्हणून इथला क्रम असा आहे: आधी उघडा इलेक्ट्रोड सिद्धांत सांगतो तितका चांगला करायचा आणि त्याची नोंद ठेवायची, मग तो सक्रिय करायचा, आणि त्यानंतरही गरज उरली तरच लेप.

उदाहरणासाठी सगळीकडे ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन (क्षेत्रफळ ०.०७१ चौरस सेंटीमीटर) आणि पॅरासिटामॉल धरलं आहे. सगळी पोटेन्शियल सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत आहेत, आतलं द्रावण ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड.

कोणता कार्बन घ्यायचा

शिकायला आणि पुन्हापुन्हा वापरायला ग्लासी कार्बन सर्वांत सोयीचा. तो कठीण असतो, द्रावण शोषत नाही आणि पॉलिश केला की नवा होतो. पेन्सिलचं शिसं स्वस्त, एकदा वापरून टाकून देता येतं, पण त्यात ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती किंवा पॉलिमर असतो आणि तो कंपनीगणिक बदलतो. कार्बन पेस्ट १९५८ साली राल्फ ॲडम्स यांनी आणली. तिचा पृष्ठभाग मिनिटभरात बदलता येतो, मात्र मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल जास्त असलेल्या नमुन्यात तिच्यातलं तेल विरघळू लागतं. छापील इलेक्ट्रोड प्रयोगशाळेबाहेरच्या मोजणीला बरे. बोरॉन मिसळलेला हिरा महाग, पण पृष्ठभाग लवकर माखवणाऱ्या संयुगांसाठी त्याला तोड नाही. त्याच्याबद्दल पुढे.

द्रावणं

चाचणीसाठी १ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड लागेल: ३२.९ मिलिग्रॅम फेरिसायनाइड आणि ७४५ मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करा. बाटली गडद रंगाची, द्रावण त्याच आठवड्यातलं. हे द्रावण आम्लाच्या कचऱ्यात कधीही ओतू नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो.

बफर ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ७.० चा. १ मोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ५७.७ मिलिलिटर आणि १ मोलर सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४२.३ मिलिलिटर एकत्र करून १ लिटर करा. तरी पीएच मीटरवर खात्री करून घ्या. पॅरासिटामॉलचं १० मिलिमोलर साठा द्रावण म्हणजे १५.१ मिलिग्रॅम १० मिलिलिटर बफरमध्ये. ते रोज ताजं करावं.

पाण्यावर काटकसर करू नये. कार्बनचा पृष्ठभाग तेलकट रेणू ओढून घेण्यात पटाईत असतो. प्लास्टिकच्या जुन्या कॅनमधलं पाणी, ग्रीस लावलेला काचेचा सांधा, बोटाचा निसटता स्पर्श, एवढं पुरे होतं.

पॉलिश

पृष्ठभागावर डोळ्यांना ओरखडा दिसत नसेल तर फक्त ०.०५ मायक्रॉन अल्युमिना वापरा. ओरखडे असतील तर १, मग ०.३, मग ०.०५ असा उतरता क्रम. प्रत्येक आकाराचा पॅड वेगळा ठेवा आणि मागे त्याचं नाव लिहा. ०.०५ च्या पॅडवर १ मायक्रॉनचे चार कण गेले तर तो पॅड कायमचा बाद समजावा.

१. पॅड पाण्याने ओला करा. त्यावर चिमूटभर अल्युमिना टाकून पातळ ताकासारखा लगदा होऊ द्या. घट्ट लगद्यात इलेक्ट्रोड घासला जात नाही, नुसता तरंगतो.

२. इलेक्ट्रोड उभा, अगदी काटकोनात धरा. इंग्रजी आठच्या आकारात हलका दाब देऊन फिरवा. दर १५-२० फेऱ्यांनी इलेक्ट्रोड हातातच पाव वळसा फिरवा. मनगट एकाच बाजूला कलतं. ते टाळलं नाही तर काही महिन्यांत कार्बनचं टोक एका अंगाने झिजून घुमटासारखं होतं.

३. प्रत्येक आकारावर एक ते दोन मिनिटं पुरेत. मग धारेखाली धुवा, पुढच्या पॅडवर जा.

४. शेवटी शुद्ध पाण्यात १ ते २ मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडच्या टाकीत ठेवा), मग इथेनॉलमध्ये १ मिनिट, पुन्हा पाण्याने धुवा. पाच-दहा मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवून विसरू नका. कार्बन आणि भोवतालचं प्लास्टिक यांच्यातली सील सैल होते, तिथे द्रावण शिरतं आणि नंतर बॅकग्राउंड (संयुग नसतानाही वाहणारा करंट) कधीच खाली बसत नाही.

५. टिश्यूने पुसू नका. नायट्रोजनच्या हलक्या झोताने वाळवा किंवा ओलाच सेलमध्ये लावा. उघड्या हवेत ठेवलेला कार्बन तासाभरात काही ना काही शोषून बसतो.

पाण्याने धुतल्यावर काळ्या चकतीकडे तिरप्या प्रकाशात बघा. पाण्याचा थर सगळीकडे सारखा पसरून हळूहळू मागे सरला तर ठीक. मधेच बेट कोरडं पडत असेल तर तिथे तेलकटपणा आहे. अशा वेळी आयसोप्रोपेनॉलमध्ये सक्रिय कोळसा घालून अर्धा तास ठेवा, गाळून घ्या आणि त्या स्वच्छ द्रावकात इलेक्ट्रोड दहा-पंधरा मिनिटं बुडवा. बाटलीतल्या नेहमीच्या आयसोप्रोपेनॉलमधली सेंद्रिय घाण कोळसा आधीच काढून घेतो, त्यामुळे धुताना नवी घाण बसत नाही.

एक सापळा लक्षात ठेवा. कॅटेकॉल वर्गातली संयुगं (डोपामिन त्यातलंच) अल्युमिनावर चिकटतात. पृष्ठभागावर अल्युमिनाचे कण राहिले तर डोपामिनचा पीक फार सुंदर येतो, आणि दुसऱ्या दिवशी नीट धुतलेल्या इलेक्ट्रोडवर तो नाहीसा होतो. मग दोष इलेक्ट्रोडला दिला जातो.

इलेक्ट्रोड तयार आहे की नाही

फेरिसायनाइडच्या द्रावणात -०.१ ते +०.६ व्होल्ट दरम्यान सायक्लिक व्होल्टामोग्राम (पोटेन्शियल पुढे-मागे नेत काढलेला करंटचा आलेख) घ्या, वेग सेकंदाला १०० मिलिव्होल्ट. तीन गोष्टी बघा.

दोन पीकमधलं अंतर. २५ अंश सेल्सिअसला एका इलेक्ट्रॉनच्या आदर्श जोडीसाठी ते सुमारे ५९ मिलिव्होल्ट असतं. ६० ते ८० आलं तर काम झालं. ८० ते १०० असेल तर ०.०५ वर पुन्हा एक मिनिट. १२० च्या पुढे असेल तर मोजणी सुरू करू नका.

पीकची उंची. रँडल्स-सेव्हचिक समीकरणानुसार (संहती, क्षेत्रफळ आणि वेगावरून पीकची उंची सांगणारं सूत्र) या द्रावणात, या वेगाला, ३ मिलिमीटर चकतीवर सुमारे १६ ते १७ मायक्रोअँपिअर यायला हवेत. १२ येत असतील तर चकतीचा काही भाग झाकलेला आहे किंवा बुडबुडा बसला आहे. २२ येत असतील तर द्रावण वजन करताना चूक झाली आहे, किंवा द्रावण सीलमध्ये शिरतंय.

दोन्ही पीकचा मध्य. तो +०.२ ते +०.२७ व्होल्टच्या आसपास असावा. एकदम ५०-६० मिलिव्होल्टने सरकला तर संदर्भ इलेक्ट्रोड तपासा. आतलं द्रावण बदला, टिचकी मारून बुडबुडा काढा, सच्छिद्र टोक वाळलं नाही ना ते बघा.

अंतर मोठं येतंय आणि दोष कुठे आहे कळत नाही, अशा वेळी हेक्सामिनरुथेनियम क्लोराइड फार उपयोगी पडतं. त्याचा इलेक्ट्रॉन पृष्ठभागाच्या प्रकाराची पर्वा करत नाही, फेरिसायनाइडचा करतो. रुथेनियमवर अंतर चांगलं आणि फेरिसायनाइडवर वाईट असेल तर पृष्ठभाग घाण आहे. दोन्हीवर वाईट असेल तर पॉलिश करत बसू नका. वायरची जोडणी, संदर्भ इलेक्ट्रोडचं बुजलेलं टोक किंवा द्रावणाचा रोध यांपैकी काहीतरी आहे. रुथेनियमचा पीक शून्याच्या खाली, -०.२ व्होल्टच्या सुमारास येतो. त्यामुळे द्रावणातून दहा मिनिटं नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन काढावा लागतो.

यानंतर नुसत्या बफरमध्ये एक व्होल्टामोग्राम घ्या आणि जपून ठेवा. +०.२ व्होल्टला जाताना आणि येतानाच्या करंटमधला फरक निम्मा करून वेगाने भागला की इलेक्ट्रोडची धारिता (पृष्ठभागाची भार साठवण्याची क्षमता) मिळते. पॉलिश केलेल्या ३ मिलिमीटर ग्लासी कार्बनला ती साधारण १.५ ते ३ मायक्रोफॅरड असते, म्हणजे १०० मिलिव्होल्टच्या वेगाला ०.१५ ते ०.३ मायक्रोअँपिअर. पुढे केलेल्या प्रत्येक उपचारानंतर हा आकडा पुन्हा काढायचा आहे. सुधारणेची किंमत याच आकड्यात दिसते.

विद्युत सक्रियण: फुकटातली सुधारणा

आता ५० मायक्रोमोलर पॅरासिटामॉल घ्या (१० मिलिलिटर बफरमध्ये साठा द्रावण ५० मायक्रोलिटर). पीएच ७ ला ते दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडून क्विनोन-इमीन बनतं. ताज्या पॉलिशवर ऑक्सिडेशनचा पीक +०.४ व्होल्टच्या आसपास दिसतो, परतीचा पीक क्षीण असतो.

इलेक्ट्रोड फक्त बफरमध्ये ठेवा. ढवळत +१.६ व्होल्टवर १२० सेकंद धरा. लगेच -०.५ ते +१.० व्होल्टमध्ये १० फेऱ्या चालवा, वेग १०० मिलिव्होल्ट. शेवटच्या दोन फेऱ्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत. नसतील तर आणखी पाच. मग धुऊन पॅरासिटामॉलच्या द्रावणात न्या. पीक उंच आणि अरुंद होतो, डावीकडे सरकतो, परतीचा पीकही वर येतो.

असं का होतं? जास्त पोटेन्शियलला कार्बनच्या कडांवर कार्बोनिल, कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल असे ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि पृष्ठभागावर पातळ, ओलावा धरणारा थर येतो. पीएच ७ ला हा थर ऋणभारित असतो. म्हणून डोपामिनसारखे धनभारित रेणू त्यावर जमतात, अस्कॉर्बेटसारखे ऋणभारित दूर ढकलले जातात. साध्या ग्लासी कार्बनवर अस्कॉर्बिक आम्ल, डोपामिन आणि युरिक आम्ल एकाच पसरट उंचवट्यात मिसळतात. सक्रिय केलेल्यावर तिन्ही वेगळे दिसू लागतात. पॅरासिटामॉलला पीएच ७ ला भार नसतो, त्यामुळे त्याचा फायदा डोपामिनइतका मोठा नाही. हे आधीच माहीत असलं की अपेक्षाभंग होत नाही.

१.६ व्होल्ट आणि १२० सेकंद हे काही पवित्र आकडे नाहीत. १.४, १.६, १.८ आणि ३०, ६०, १२०, ३०० सेकंद असा छोटा तक्ता करून बघा. प्रत्येक वेळी नव्याने पॉलिश करा आणि पीकची उंची नव्हे, पीक भागिले बॅकग्राउंड हे गुणोत्तर लिहा. बरेचदा ३०० सेकंदांना पीक सर्वांत उंच असतो आणि गुणोत्तर सर्वांत वाईट. फार ताणलं तर चकतीवर तेलाच्या तवंगासारखी रंगीत झाक दिसते. म्हणजे ऑक्साइडचा थर जाड झाला. तो १ मायक्रॉन अल्युमिनापासून काढावा लागतो.

सक्रियण टिकाऊ नसतं. रोज सकाळी पॉलिश आणि सक्रियण, असाच नेम ठेवावा.

पेन्सिल आणि पेस्ट

०.५ मिलिमीटरचं एचबी किंवा २बी शिसं घ्या. द्रावणात बरोबर १० मिलिमीटर बुडालं तर क्षेत्रफळ ०.१६ चौरस सेंटीमीटर होतं. अडचण 'बरोबर' या शब्दात आहे. शिशाच्या खडबडीत अंगावरून द्रावण केशाकर्षणाने वर चढतं आणि दहा मिनिटांत १० चे ११ मिलिमीटर होतात. उपाय म्हणजे खालचे १० मिलिमीटर सोडून वरच्या भागाला टेफ्लॉनची फीत घट्ट गुंडाळणं किंवा नेलपॉलिशचे दोन हात देऊन पूर्ण वाळवणं. फक्त वरचं टोक जोडणीसाठी उघडं ठेवा. मगरचिमटा थेट शिशाला लावला तर ते मोडतं. धातूच्या टोकाची यांत्रिक पेन्सिल धारक म्हणून बरी. सक्रियणासाठी ०.५ मोलर अ‍ॅसिटेट बफर, पीएच ४.८, +१.४ व्होल्ट, ६० सेकंद. एका डबीतली शिसं संपवूनच दुसरी डबी उघडा आणि डबी बदलली की कॅलिब्रेशन (ज्ञात संहतींच्या द्रावणांवरून काढलेली पीक-संहतीची रेषा) नव्याने करा.

पेस्टसाठी ०.७० ग्रॅम ग्रॅफाइट पूड आणि ०.३० ग्रॅम पॅराफिन तेल खलबत्त्यात २० ते ३० मिनिटं घोटा. पहिल्या पाच मिनिटांतच ती एकजीव वाटते, पण तेव्हा थांबलं की पीक दर वेळी वेगळा येतो. एक दिवस झाकून ठेवा, मग नळीत थोडी थोडी दाबून भरा, पोकळी राहू देऊ नका. साध्या गुळगुळीत कागदावर घासून चमक आणा. नवा पृष्ठभाग हवा तेव्हा मागून अर्धा-एक मिलिमीटर पेस्ट ढकलून पुन्हा कागदावर घासा. तेल कमी झालं तर पेस्ट भुसभुशीत होऊन बॅकग्राउंड वाढतो. जास्त झालं तर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मंदावते.

नॅनोट्यूबचा लेप

एवढं करूनही संवेदनशीलता अपुरी पडली तर लेपाकडे वळा.

विकतच्या बहुभित्तीय नॅनोट्यूबमध्ये लोह, कोबाल्ट किंवा निकेलचे उत्प्रेरक कण उरलेले असतात, आणि त्या कोरड्या नळ्या द्रवात सुट्या होत नाहीत. दोन्हींसाठी आम्लाची प्रक्रिया करतात. धूरकक्षात ३० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्लात १० मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल हळूहळू मिसळा. त्यात १०० मिलिग्रॅम नॅनोट्यूब घालून झाकण सैल ठेवून ४० ते ५० अंशांवर ३ ते ४ तास सोनिकेट करा. मग हे मिश्रण अर्धा लिटर बर्फाळ पाण्यात बारीक धारेने ओता. पाणी आम्लात ओतायचं नाही. ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन किंवा पीव्हीडीएफ चाळणीतून गाळा. नायलॉनची चाळणी आम्लात विरघळते. गाळलेल्या पाण्याचा पीएच ६ च्या वर येईपर्यंत धुवा, ६० ते ८० अंशांवर रात्रभर वाळवा. नायट्रिक आम्लाचा कचरा अ‍ॅसिटोन-इथेनॉलच्या डब्यात जाता कामा नये, स्फोट होऊ शकतो.

वाळलेले २ मिलिग्रॅम २ मिलिलिटर डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये ३० मिनिटं सोनिकेट करा. शाईसारखं काळं, तळाशी गाळ नसलेलं मिश्रण हवं. चाचणी सोपी आहे: एक थेंब काचपट्टीवर पसरवून उजेडात धरा. काळे ठिपके दिसले तर आणखी सोनिकेशन.

आता थेंब. पॉलिश केलेला इलेक्ट्रोड तोंड वर करून उभा करा. चकतीच्या मध्यावर २.५ मायक्रोलिटर सोडा. पिपेटचं टोक कार्बनला टेकवू नका, थेंब लोंबू द्या आणि तो स्वतःहून खाली उतरू द्या. डायमिथाइल फॉर्मामाइड प्लास्टिकवरही पसरतं. म्हणूनच ५ मायक्रोलिटर एकदम न टाकता दोन हात द्यायचे. थेंब उघड्यावर वाळला तर नळ्या कडेला जाऊन कॉफीच्या कपाखाली उमटतं तसं कडं तयार होतं आणि मधला भाग जवळपास उघडा राहतो. त्यावर छोटा बीकर उलटा ठेवला की बाष्पीभवन मंदावतं आणि थर बराच सारखा बसतो. पहिला हात वाळल्यावर दुसरा, शेवटी ५० अंशांवर तासभर. एकूण ५ मायक्रोग्रॅम नॅनोट्यूब, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅम. याच्या दुप्पट थर दिला तर पीक दुप्पट होत नाही, बॅकग्राउंड मात्र होतो. शिवाय थर सोलवटतो.

थर निघून येत असेल तर वरून ०.५ टक्के नॅफियॉन या पॉलिमरचा २ मायक्रोलिटरचा हात द्या (५ टक्के द्रावण इथेनॉलमध्ये दहापट पातळ करून). नॅफियॉन धन आयन आत घेतो, ऋण आयन अडवतो. डोपामिनसाठी वरदान, पण तुमचं संयुगच ऋणभारित असेल, समजा डायक्लोफेनॅक, तर हाच थर दार बंद करतो. तिथे १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लातलं ०.५ टक्के कायटोसान (हाही एक पॉलिमर) वापरावं.

लेप झाल्यावर बफरमध्ये वीस फेऱ्या, वक्र स्थिर होईपर्यंत. मग पुन्हा धारिता मोजा. ती दहा-वीस पटींनी वाढलेली दिसेल. घाबरू नका, पण लिहून ठेवा.

ग्राफीन हवं असेल तर ग्राफीन ऑक्साइडचं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पाण्यातलं मिश्रण ५ मायक्रोलिटर टाकून वाळवा. नायट्रोजन सोडलेल्या बफरमध्ये ० ते -१.५ व्होल्ट, १०-१५ फेऱ्या. पहिल्या फेरीत -१ व्होल्टच्या आसपास मोठी लाट दिसते आणि दुसरीत ती जवळजवळ नाहीशी होते. नाहीशी झाली नाही तर थर जाड आहे किंवा ऑक्सिजन शिल्लक आहे.

सुधारणा खरी की भास

लेपानंतर पीक चौपट झाला आणि शंभर मिलिव्होल्टने डावीकडे सरकला, म्हणजे उत्प्रेरण झालं असं सर्रास लिहिलं जातं. सच्छिद्र थरात दुसरंही घडतं. नळ्यांच्या मधल्या फटींत थोडं द्रावण अडकतं. तिथल्या रेणूंना दुरून प्रवास करून यावं लागत नाही, त्यामुळे त्यांचा पीक आपोआप उंच, टोकदार आणि सरकलेला दिसतो. इलेक्ट्रॉनची गती तेवढीच असते.

तसंच, फेरिसायनाइडचा पीक वाढला म्हणून 'सक्रिय क्षेत्रफळ चौपट झालं' हे गणितही फसवं आहे. १०० मिलिव्होल्टच्या वेगाला पृष्ठभागाजवळचा विसरणाचा (रेणू आपोआप पसरत येण्याचा) थर काही दशक मायक्रॉन जाड असतो. नॅनोमीटरचे चढउतार त्याला दिसतच नाहीत. ते धारितेत दिसतात.

तीन तपासण्या करा. वेग १० ते ५०० मिलिव्होल्टपर्यंत बदलून पीकचा लॉग आणि वेगाचा लॉग यांचा आलेख काढा. उतार ०.५ च्या जवळ असेल तर विसरण, १ च्या जवळ असेल तर शोषण किंवा अडकलेलं द्रावण. दुसरी, मोजणीनंतर इलेक्ट्रोड हलक्या हाताने धुऊन कोऱ्या बफरमध्ये ठेवा आणि लगेच फेरी घ्या. पीक तसाच दिसला तर रेणू थरात बसून आहेत. तिसरी तपासणी सर्वांत प्रामाणिक, आणि म्हणून सर्वांत टाळली जाणारी: नॅनोट्यूबऐवजी साधा कार्बन ब्लॅक तितक्याच वजनाने, तसाच लेपून बघा. पुष्कळदा फरक नावापुरताच असतो. मग महाग पदार्थ कशाला?

अडकलेल्या द्रावणाने पीक वाढणं मोजणीच्या दृष्टीने वाईटच असतं असं नाही. पण तेव्हा नमुन्यात बुडवून ठेवण्याचा वेळ सेकंदापर्यंत सारखा ठेवावा लागतो, आणि दोन नमुन्यांमध्ये आधीचा पूर्ण धुतला गेला हे दाखवावं लागतं.

इलेक्ट्रोड माखतो तेव्हा

फिनॉल, बिस्फेनॉल-ए आणि त्यांच्या भाऊबंदांचा पहिला स्कॅन उत्तम, दुसरा निम्मा, पाचव्याला सपाट रेषा. ऑक्सिडेशनमध्ये तयार झालेले फिनॉक्सी मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील कण) एकमेकांना जोडून विद्युतरोधक पॉलिमरचा पडदा पृष्ठभागावर चढवतात. डोपामिनही हळूहळू असंच करतं.

आधी त्रास किती आहे ते मोजा: २० मायक्रोमोलर द्रावणात न धुता लागोपाठ १० स्कॅन. घट ५ टक्क्यांच्या आत असेल तर विसरून जा. जास्त असेल तर पुढचे उपाय याच क्रमाने करा. संहती कमी करा, कारण पॉलिमर बनायला मूलकांची गर्दी लागते. वरची पोटेन्शियल मर्यादा पीकच्या १५०-२०० मिलिव्होल्ट पुढे थांबवा, उगाच १.२ पर्यंत जाऊ नका. प्रत्येक मोजणीनंतर कोऱ्या बफरमध्ये +१.४ व्होल्ट ३० सेकंद, मग दोन-तीन फेऱ्या. सक्रिय केलेल्या ग्लासी कार्बनवर ही सफाई छान चालते, नॅफियॉनच्या लेपावर नाही.

तरी भागलं नाही तर बोरॉनयुक्त हिरा. त्यावर रेणू सहसा चिकटत नाहीत, बॅकग्राउंड फार कमी असतो, आणि पाण्यात जवळपास ३ व्होल्टची खिडकी मिळते. ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात आधी +२.५ व्होल्टवर काही सेकंद देऊन साठलेली घाण जाळायची, मग -२.५ व्होल्टवर त्याहून जास्त वेळ देऊन पृष्ठभाग हायड्रोजनने झाकायचा. हा शेवटचा टप्पा दिवसाच्या सुरुवातीला करावा, कारण हवेत तो पृष्ठभाग हळूहळू पुन्हा ऑक्सिजन धरतो.

मोजणी आणि आकडे

कमी संहतीसाठी डिफरन्शियल पल्स व्होल्टामेट्री (पोटेन्शियलला छोटे धक्के देत करंटमधला फरक मोजण्याची पद्धत) वापरा. सुरुवातीला पल्स ५० मिलिव्होल्ट, रुंदी ५० मिलिसेकंद, पायरी ५ मिलिव्होल्ट, आवर्तन ०.२ सेकंद. पल्स १०० केला की पीक वाढतो पण पसरतो, आणि शेजारचं संयुग त्यात मिसळतं. पीएचही एकदा ५ ते ८ दरम्यान बदलून बघा. पीक दर पीएचला सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकला तर जितके इलेक्ट्रॉन तितकेच प्रोटॉन आहेत. पॅरासिटामॉलच्या बाबतीत फार आम्लधर्मी द्रावणात परतीचा पीक गायब होतो, कारण तयार झालेलं क्विनोन-इमीन तिथे झपाट्याने बदलून जातं. त्याचा दोष इलेक्ट्रोडवर ढकलू नका.

कॅलिब्रेशनसाठी १० मिलिलिटर बफरमध्ये साठा द्रावणाचे १० मायक्रोलिटर टाकले की १० मायक्रोमोलर होतात. त्याहून कमी हवं असेल तर साठा आधी शंभरपट पातळ करा. अर्धा मायक्रोलिटर पिपेटने टाकण्याचं धाडस करू नये. दर भरीनंतर २० सेकंद ढवळा, १० सेकंद शांत ठेवा, मग स्कॅन.

ओळखमर्यादा (ओळखता येणारी किमान संहती) ३ गुणिले प्रमाण विचलन भागिले उतार या सूत्राने काढतात. मात्र कोऱ्या बफरमध्ये पीकच नसतो, मग विचलन कशाचं? सर्वांत कमी संहतीचं द्रावण सात-आठ वेळा मोजून त्याचं विचलन घ्यावं. आणि सूत्राने आलेल्या संहतीचं द्रावण खरोखर बनवून बघावं. पीक डोळ्यांना दिसला नाही तर तो आकडा लिहू नये.

एकाच पृष्ठभागावर दहा स्कॅन सारखे आले म्हणजे स्कॅनची पुनरावृत्ती सिद्ध झाली, इलेक्ट्रोडची नव्हे. कमीत कमी तीन वेळा पॉलिशपासून सगळं नव्याने करा, लेपाचा असेल तर तीन वेगवेगळे थेंब टाका, आणि त्या तीन कॅलिब्रेशन रेषांच्या उतारांमधला फरक लिहा. हाताने टाकलेल्या थेंबात हा फरक एका पृष्ठभागावरच्या फरकापेक्षा नेहमीच जास्त असतो.

गोळी, लघवी किंवा सांडपाणी यांत बफरमधलं कॅलिब्रेशन चालत नाही. नमुना बफरमध्ये १० ते ५० पट पातळ करा, एकदा मोजा, मग ज्ञात भर घालून तीन-चार वेळा मोजा आणि रेषा मागे नेऊन मूळ संहती काढा. या रेषेचा उतार बफरमधल्या उतारापेक्षा बराच कमी असेल तर नमुन्यातलं काहीतरी पृष्ठभागावर बसतंय. नमुना आणखी पातळ करा आणि दोन्ही उतार जुळू लागतात का ते बघा. जुळले तर तीच पातळी त्या नमुन्यासाठी कायम ठेवा.